कुठे दुखतं, त्याआधी कधी दुखतं

कंपवात म्हटलं की थरथरणारे हात आठवतात, दुखणं आठवत नाही. पण १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचं वर्णन लिहिलं, त्यातही हातांतल्या संधिवातासारख्या कळांचा उल्लेख आहे. आजही पायाची आग झाली, पोटरीत चमक आली की घरचे ‘नस दबली असेल’ म्हणतात आणि नसांच्या दुखण्यावरचं प्रेगाबालिन सुरू होतं. कधी ते बरोबरही असतं. पण कंपवाताच्या रुग्णाचं दुखणं आधी लेव्होडोपा या कंपवातावरच्या औषधाच्या गोळीच्या वेळेशी ताडून पाहायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. लेव्होडोपापासून मेंदूत डोपामिन तयार होतं आणि वेदना किती तीव्र जाणवते यातही डोपामिनचा वाटा असतो. पहाटे, रात्रीच्या गोळीचा असर ओसरल्यावर, पायाची बोटं आत वळतात, पाऊल मुरडतं, पोटरीत गोळा येतो आणि सकाळची गोळी लागू पडली की सगळं सैल होतं. हे नस दबल्याचं दुखणं नव्हे. इथे बहुधा गोळ्यांच्या वेळाच बदलाव्या लागतात. याउलट दोन्ही तळव्यांना दिवसभर सारख्याच मुंग्या आणि बधिरपणा असेल, तर मधुमेह आणि बी-१२ तपासायलाच हवं. लेव्होडोपाचे मोठे डोस बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ची कमतरता आढळते. शाकाहारी घरांत तर ती आधीपासूनच असू शकते. खोकताना कमरेतून पायात कळ जात असेल, तर मात्र खरोखरच मणक्याकडे पाहावं लागतं.

म्हातारं माणूस कळवळत असताना वेळा कसल्या ताडून पाहायच्या, असं कुणी म्हणेल. तात्पुरता आराम द्यायलाच हवा. शेक आणि डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल त्यासाठी आहेच. पण प्रेगाबालिनने गरगरतं, गुंगी येते, आणि ज्याचा तोल आधीच जातो त्याला पडून खुब्याचं हाड मोडणं परवडत नाही. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन ही कंपवाताचीच औषधं चालू असताना ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक घेणं तर जिवावर बेतू शकतं. औषधांच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक आणू नये ते यासाठीच. मग लेव्होडोपाच वाढवावं का? तेही घरच्या घरी नको. डोस जास्त झाला की अंग आपोआप वळवळू लागतं, आणि गोळी एकदम बंद करणं त्याहून धोक्याचं. त्यापेक्षा तीन-चार दिवस गोळी किती वाजता घेतली, दुखणं कधी सुरू झालं, कधी थांबलं, एवढं वहीत लिहावं आणि ती वही न्यूरॉलॉजिस्टपुढे ठेवावी.