वय विचारू नका, पान वाचून घ्या

"सात वर्षांचा आहे, काय देऊ?" दुकानात आलेल्या पालकांचा हा पहिला प्रश्न. त्यामागोमाग दुसरा येतोच, "गोष्टीतून काही शिकायला मिळेल ना?" पहिल्याचं उत्तर मला हल्ली लगेच देता येत नाही आणि दुसऱ्याचं द्यावंसं वाटत नाही.

मी यवतमाळात पुस्तकांचं दुकान चालवते. खरं तर ते वह्या-गाईडांचं दुकान आहे. सासऱ्यांनी टाकलेलं. जूनमध्ये वह्या, दप्तरं आणि कव्हरं यांतून मान वर काढता येत नाही, मार्चमध्ये प्रश्नसंच जातात, आणि वर्षाचा खर्च त्यावरच निघतो. आतल्या भिंतीला एक कपाट मुलांच्या पुस्तकांचं आहे, ते माझ्या हट्टाचं. घरात त्याला 'काकूंचं कपाट' म्हणतात, म्हणजे त्यातून पैसा सुटत नाही. ग्रंथोत्सव असला की त्यातलीच पुस्तकं टेबलावर मांडते, आणि एखाद्या शाळेनं बोलावलं तर पत्र्याच्या पेटीत भरून घेऊन जाते.

पुस्तकाच्या मागं छापलेलं असतं, 'वयोगट ६ ते ८'. पण पुस्तकाचं वय म्हणजे चपलेचा नंबर नव्हे. शहरातल्या इंग्रजी शाळेतली तिसरीची मुलगी मराठीचं जोडाक्षर आलं की अडखळते. तिच्याच वयाचा आर्णीकडचा पोरगा घरी 'किशोर' मासिक येतं म्हणून सरसर वाचतो. मारेगाव, झरी-जामणीकडं कोलाम पोडावरचं, म्हणजे वस्तीवरचं, मूल पाचवीत असतं, पण त्याच्या घरात कोलामी बोलतात. कोलामी द्राविडी कुळातली, मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर घरची भाषा गोरमाटी. या सगळ्यांना एकाच वयाचं एकच पुस्तक कसं चालेल? म्हणून मी पालकांना वय विचारत नाही. मुलाच्या हातात पुस्तक देते आणि म्हणते, मधलं कोणतंही पान काढ अन् वाच. एका पानात पाचापेक्षा जास्त शब्दांना अडलं तर ते पुस्तक आज नको. पुढच्या खेपेला.

हे माझंच खूळ नाही. 'प्रथम बुक्स' या संस्थेनं २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' नावाचा मोफत गोष्टींचा साठा इंटरनेटवर उघडला. त्यात मराठीही भरपूर आहे, आणि गोष्टींची वाटणी वयानुसार नाही, वाचनाच्या पायरीनुसार केलेली आहे. पहिली पायरी म्हणजे थोडे, पुन्हा पुन्हा येणारे शब्द. चौथी म्हणजे सलग, मोठी गोष्ट. या गोष्टी कोणीही डाऊनलोड करून छापू शकतो. एक दुकानदार म्हणून मी ही बातमी तुम्हाला देऊ नये, पण ज्या शाळेत प्रिंटर आहे तिथल्या गुरुजींना मी आधी हेच सांगते.

अगदी लहानांसाठी माझ्याकडं पहिलं नाव माधुरी पुरंदरे. त्या जे. जे. कला महाविद्यालयात आणि पुढं पॅरिसला चित्रकला शिकल्या, त्यामुळं गोष्ट आणि चित्र दोन्ही बहुतेक एकाच हातचं असतं. 'राधाचं घर', 'यश' या पुस्तकांत राक्षस नाही, परी नाही, राजपुत्र नाही. आई, बाबा, आजी, शेजारी आणि मुलाला पडणारे प्रश्न. पालक चाळतात आणि म्हणतात, "यात काही होतच नाही हो." मुलाचं तसं नसतं. ते स्वतःच्याच घराची चौकशी सुरू करतं. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आणि २०१६ मध्ये टाटा ट्रस्ट्सच्या 'पराग'चा बिग लिटल बुक पुरस्कार. हे सांगितलं की पालकांचा हात पाकिटाकडं जातो. पुरस्काराचा दुकानदाराला होणारा उपयोग एवढाच, पण तो आहे.

त्यांचंच 'वाचू आनंदे' चार भागांत आहे, दोन बालगटासाठी, दोन कुमारगटासाठी. मराठीतल्या चांगल्या लेखनाचे वेचे आणि जोडीला चित्रकला. घरात एकच पुस्तक घ्यायचं असेल आणि दोन वेगवेगळ्या वयांची मुलं असतील तर मी डोळे मिटून हे देते. 'चिकूपिकू' हे छोट्यांचं मासिकही लावून घ्या म्हणते. किमतीचं बोलायचं तर 'बालभारती'चं 'किशोर' अजूनही सगळ्यांत परवडतं. ते १९७१च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. मोबाईल काढून घेण्यावरून घरात भांडणं होतात. त्याच मोबाईलवर हे अंक उघडून द्या की.

आता मधला गट, तिसरी ते सातवी. इथं खरी गंमत आहे आणि इथंच गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठीत सगळ्यांत जास्त हालचाल झाली आहे. आजी-आजोबा आले की 'श्यामची आई' मागतात, बाबा लोक 'फास्टर फेणे' शोधतात. दोन्ही ठेवते. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे २०१७च्या सिनेमानंतर पुन्हा धावायला लागला आणि माझ्या कपाटातूनही धावला. पण नव्या नावांबद्दल विचारणारा क्वचित भेटतो, म्हणून ती मीच सांगते.

साहित्य अकादमीनं बालसाहित्याचा वेगळा पुरस्कार २०१० पासून सुरू केला. मराठीतला पहिला अनिल अवचटांच्या 'सृष्टीत... गोष्टीत'ला, दुसरा दिलीप प्रभावळकरांच्या 'बोक्या सातबंडे'ला. ही नावं आधीच घरोघरी माहीत होती. नंतरची यादी पाहिली की लिहिणारे कुठून येताहेत ते कळतं. २०१९चे सलीम सरदार मुल्ला कोल्हापूरकडचे, वनखात्यात काम करणारे. पुस्तक 'जंगल खजिन्याचा शोध'. २०२० चे आबा महाजन जळगावचे. २०२२ ला संगीता बर्वे यांची 'पियूची वही', त्यात एक मुलगी आपली रोजनिशी लिहिते. २०२३ चे एकनाथ आव्हाड मुंबईतले शिक्षक. २०२५ चे सुरेश सावंत नांदेडचे, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा 'आभाळमाया' हा कवितासंग्रह. वर्गात रोज मुलं पाहणारी माणसं लिहायला लागली, हा बदल मला मोठा वाटतो. विदर्भात बसून लिहिणाऱ्याचं नाव त्या यादीत मला अजून दिसलेलं नाही, याची रुखरुख आहे. आपल्याकडं लिहिणारे नाहीत असं नाही. पुस्तक स्वखर्चानं छापतात, प्रकाशन समारंभात हार-शाल होते आणि उरलेल्या प्रती लेखकाच्याच दिवाणाखाली जातात.

या मधल्या गटाला मी हमखास काढून दाखवते ते ल. म. कडू यांचं 'खारीच्या वाटा'. २०१७चं अकादमी पुरस्काराचं पुस्तक. धरणात जाणारं गाव आणि ते सोडून जाणारा मुलगा. आपल्याकडंही धरणं आहेत, बेंबळा आहे, पूस आहे. पुनर्वसनाचं गाव म्हणजे काय, हे इथल्या पुष्कळ मुलांना आजोबांकडून ऐकून ठाऊक असतं. नामदेव माळी यांची 'छावणी' दुष्काळातल्या जनावरांच्या छावणीवरची. फारूक काझी हे शिक्षक, त्यांचं 'प्रिय अब्बू'. बालसाहित्यात अब्बू या हाकेला जागा मिळायला मराठीत वेळच लागला. दुकानात एका गृहस्थांनी नाव वाचून ते परत ठेवलं. त्यांच्या मुलीनं ते पुन्हा काढलं आणि काउंटरवर आणून ठेवलं. बिल केलं. मी मध्ये बोलले नाही, धंद्यात तेवढं कळतं.

पेटी घेऊन शाळेत जाते तेव्हा वेगळंच शिकायला मिळतं. पांढरकवड्याच्या पुढं एका जिल्हा परिषद शाळेत पुस्तकं सतरंजीवर मांडली होती. गुरुजींनी सांगून ठेवलं होतं, पोरांनो, हात धुऊन या. पाचवीतला एक मुलगा चित्रांच्या पुस्तकाजवळ बसला. मजकूर त्यानं पाहिलाच नाही. एक पान तो बराच वेळ निरखत होता. मग मला म्हणाला, "काकू, हे चुकलं." मी विचारलं, काय चुकलं रे? "ह्या बैलाले येसनच नाही. अन् माणूस कासऱ्यानं ओढून राह्यला. असा बैल येते का?" मी चष्मा लावून पाहिलं. शेतकरी, दोर, बैल, सगळं सुबक रंगवलेलं, पण वेसण नव्हती. पुस्तक चांगल्या आर्ट पेपरवर छापलेलं, महागातलं. चित्रकार, संपादक, मुद्रितं तपासणारा आणि मी स्वतः, कोणाच्याच नजरेला ते आलं नव्हतं. नंतर तो लहान बहिणीला घेऊन बसला आणि तीच चित्रं कोलामीत सांगत गेला. काय सांगत होता ते मला कळलं नाही, पण ती हसत होती. त्या मुलाला 'वाचता येत नाही' असा शेरा वर्गाच्या नोंदीत होता.

म्हणून शिक्षकांना मी सांगते की मोठ्या मुलाला चित्रांचं पुस्तक देताना लाजू नका. ते 'लहान पोरांचं' आहे असं म्हणून त्याचा अपमान मात्र करू नका, नाहीतर तो पुन्हा पेटीजवळ फिरकणार नाही.

आणि वाघ. "वाघाचं हाये का?" हा माझ्या पेटीसमोरचा सगळ्यांत लाडका प्रश्न. पुण्या-मुंबईत छापलेल्या पुस्तकांतला वाघोबा बहुधा गुबगुबीत असतो, मिशा पुसत शाळेत जातो. आमच्या राळेगाव-पांढरकवड्याच्या मुलांनी २०१८ साल पाहिलंय. टी-१ वाघिणीच्या भीतीनं माणसं शेतात एकटी जात नव्हती. नोव्हेंबरात ती मारली गेली. त्याच्या पुढच्याच वर्षी टिपेश्वर अभयारण्यातला एक जवान वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला, तेराशे किलोमीटरपेक्षा जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. शेतं, नाले, हमरस्ते ओलांडत. यापेक्षा चांगली साहसकथा कोणी काय रचणार! माझ्या टेबलावर तिचं पुस्तक अजून आलेलं नाही. तोवर वाघ मागणाऱ्याला सलीम मुल्लांचं जंगल देते. ज्याची नोकरीच जंगलातली, त्याचं लिहिणं इथल्या पोरांना पटतं.

नवी पुस्तकं इथं उशिरा का येतात, असं वाचनालयवाले मला विचारतात. उत्तर रुक्ष आहे. रंगीत छपाईची प्रत महाग, आवृत्ती लहान, त्यामुळं प्रकाशक कमिशन हात राखून देतो. पार्सलचा खर्च माझा. न खपलेली परत घेतीलच असं नाही. उलट शंभर रुपयांत पाच 'संस्कारकथा' देणारा माणूस मार्चअखेरीला शाळेच्या दारात गाडी घेऊन उभा असतो. समग्र शिक्षातून शाळेला वाचनालयासाठी अनुदान येतं, ते वर्ष संपता संपता खर्च करायचं असतं आणि बिलात संख्या भरघोस दिसली पाहिजे. मग कपाटात एकाच पंचतंत्राच्या पाच प्रती. यात मुख्याध्यापकांचा दोष काढून उपयोग नाही, त्यांना कोणी यादीच दिलेली नसते. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२वं साहित्य संमेलन भरलं, अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. उद्घाटनाच्या वादाच्याच बातम्या राज्यभर गाजल्या. मी पाहत होते ते पुस्तकांच्या गाळ्यांवर नवं बालसाहित्य हाताळणाऱ्या शिक्षकांना. तीन दिवस हवं ते पुस्तक समोर होतं, चाळता येत होतं. असा योग वर्षातून एकदा तालुक्याला यायला पाहिजे. संमेलनच हवं असं नाही, चार टेबलं मांडली तरी पुरे.

राहता राहिला शेवटचा गट, आठवी ते दहावी. तिथं माझं कपाट उघडं पडतं. भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला २०२४ चा पुरस्कार मिळाला. ते ९५ व्या, उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. मोठ्यांसाठी लिहिणाऱ्या कसलेल्या लेखकानं मुलांसाठी रहस्य लिहिलं, याचा मला आनंद आहे. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैनांच्या अनुवादात आहे, जयंत नारळीकर आहेत, 'वयम्' मासिक आहे. पण आठवीच्या पुढं मूल दुकानात येतं ते गाईड घ्यायला. घरचे सांगतात, आता अवांतर नको, दहावी झाली की वाच. दहावी झाली की 'नीट' परीक्षेची तयारी असते.

मागच्या उन्हाळ्यात नववीतली एक मुलगी एकटीच आली. घाटंजीहून शिकायला आलेली, होस्टेलवर राहणारी. म्हणाली, "लहान पोरांचं नको, अन् मोठ्यांचं भी नको. मधातलं द्या." प्रेमाचं हवं का, असं मी हसून विचारलं तर चिडली. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' दिलं. १९८१चं पुस्तक आहे, पण ते कधी चुकत नाही. चार दिवसांत परत आली. आवडलं होतं. "आता असंच, पण मुलीचं द्या. आपल्या इकडच्या मुलीचं. अन् आजचं."

मी कपाट वरपासून खालपर्यंत पाहिलं. चरित्रं निघाली, सगळी थोर बायकांची आणि जुन्या काळची. अनुवाद निघाले. 'तोत्तोचान' तिनं वाचलेलं होतं. तिला हवी होती होस्टेलवर राहणारी, सुट्टीला बसनं घाटंजीला जाणारी, आईसोबत कापूस वेचणारी, पंधरा वर्षांची मुलगी. तिचा फोन नंबर मी ऑर्डरच्या वहीत लिहून घेतला आहे. लेखक मंडळींपैकी कोणी असं लिहीत असेल तर दुकानात प्रती पाठवा. दहा चालतील, परतीची अट नको.