शहरांत गेलेल्या गांवांची घरपट्टी आणि हरकतीचा अर्ज

पुणें शहराच्या कडेच्या गांवांतील आमच्या शेतकरी बंधूंस आपला सात-बाराचा उतारा तोंडपाठ असतो. बांधाची खूण हातभर सरकली तर ते लागलीच मोजणी आणवितात. पण महानगरपालिकेचें मिळकत कराचें बिल घरीं आलें म्हणजे तें न वाचतांच खुंटीला लागतें. सन २०१७ च्या ऑक्टोबरांत लोहगांव, धायरी, शिवणें, उंड्री, फुरसुंगी वगैरे ११ गांवें आणि ता. ३० जून २०२१ रोजीं आणखी २३ गांवें शहराच्या हद्दींत आलीं. (यांपैकीं उरुळी देवाची व फुरसुंगी हीं सन २०२४ मध्यें वगळण्यांत आलीं.) जेथें ग्रामपंचायतीची लहानशी घरपट्टी होती, तेथें आतां हजारांचे आंकडे दिसूं लागले आहेत. नव्या हद्दींतील कर एकदम पूर्ण न चढवितां टप्प्याटप्प्यानें चढवावयाचा असतो. तेव्हां आपल्या गांवाचें कितवें वर्ष चालू आहे तें पाहून बिल ताडून पाहावें, ही पहिली गोष्ट.

हा कर घराच्या किंमतीवर नसतो. सन १९४९ च्या ज्या कायद्यान्वयें ता. १५ फेब्रुवारी १९५० रोजीं पुणें महानगरपालिका अस्तित्वांत आली, त्या कायद्याप्रमाणें घर भाड्यानें दिलें असतें तर वर्षास वाजवी भाडें काय आलें असतें, तें धरावयाचें. त्यांतून दुरुस्तीबद्दल शेंकडा १० वजा करावयाचे. राहील ती करयोग्य रक्कम. तिच्यावर सर्वसाधारण कर, पाणी, सफाई इत्यादींचे दर बसतात. म्हणजे दराविषयीं भांडून एकट्यादुकट्याच्या हातीं कांहीं लागत नाहीं. भांडावयाचें तें मूळच्या भाड्याविषयीं, क्षेत्राविषयीं आणि वापराविषयीं.

कागदावरचा आंकडा सरकारी म्हणून खराच असतो असें नव्हे, हें पुणें जिल्ह्याच्या रयतेइतकें कोणास ठाऊक असावें? सन १८३० च्या सुमारास प्रिंगल साहेबांनीं याच जिल्ह्यांत जमिनीच्या उत्पन्नाचा बारीक हिशेब मांडून सारा बसविला. हिशेब दिसण्यांत सुरेख होता, पण त्याच्या तळाशीं असलेलीं मापें व अंदाज भरंवशाचे नव्हते. सारा झेपेना, जमिनी ओस पडल्या, आणि सन १८३६ मध्यें इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांस नवी आकारणी करून ती ३० वर्षांसाठीं कायम करावी लागली. आमची सारी नोकरी महसुलाच्या दप्तरांत गेली; आमचा अनुभव असा कीं, चूक बहुधा बेरजेंत नसते, पहिल्या रकान्यांत असते.

आतां ४० टक्क्यांची हकीकत. मालक स्वतः राहत असलेल्या घरास करयोग्य रकमेंत शेंकडा ४० सूट द्यावी आणि दुरुस्तीबद्दल १० च्या ऐवजीं १५ टक्के वजावट द्यावी, असा ठराव पुणें महानगरपालिकेनें सन १९७० मध्यें केला. ही सवलत जवळजवळ अर्धशतक चालली. पुढें लेखापरीक्षणांत तीस आधार नसल्याचा आक्षेप निघाला आणि सन २०१९ मध्यें राज्य शासनानें ठराव स्थगित केला. नागरिकांनीं फार आरडाओरड केली, तेव्हां सन २०२३ मध्यें शासनानें ४० टक्क्यांची सवलत पुन्हा मान्य केली. दुरुस्तीची वजावट मात्र १ एप्रिल २०२३ पासून कायद्यांतील १० टक्क्यांवर आली.

हिशेब करून पाहूं. एका घराचें वार्षिक भाडें ६०,००० रुपये धरलें आहे असें समजा. दहा टक्के वजा जातां ५४,००० उरतात. मालक स्वतः राहत असून सवलत लागली तर हीच रक्कम ३२,४०० होते. (आधीं ४० काढा कीं आधीं १० काढा, उत्तर तेंच येतें, यावरून चावडीवर वाद घालूं नये.) म्हणजे २१,६०० रुपयांवरचा कर दरसाल वांचतो किंवा दरसाल फुकट जातो.

ही सवलत नव्यानें आकारणी झालेल्या घरांस आपोआप लागत नाहीं. सन २०१९ च्या एप्रिलपासून आकारणी झालेल्या, तसेंच त्यापूर्वीं पाहणींत सवलत काढून घेतलेल्या घरमालकांस पीटी-३ नांवाचा अर्ज २५ रुपये शुल्कासह द्यावा लागला. त्यासोबत स्वतः राहत असल्याचा पुरावा, म्हणजे मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका, वाहन परवाना, गॅसचें पुस्तक, सोसायटी असल्यास तिचें पत्र, आणि शहरांत दुसरी मिळकत असल्यास तिचें बिल जोडावें लागे. दोन खोल्या भाडेकरूस दिल्या असतील तर तें दडवूं नये. पाहणी करणारा माणूस दारावरचीं मीटरें मोजतो.

हरकतीविषयीं. आकारणी प्रथमच झाली किंवा वाढली तर विशेष नोटीस यावी लागते, व तींत हरकतीची मुदत दिलेली असते. नोटीस मिळाल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवावी. अर्ज लांबलचक नको. "कर फार आहे" हें वाक्य निरुपयोगी. "नोंदींत क्षेत्र इतकें, प्रत्यक्ष मोजणींत इतकें" हें वाक्य कामाचें. गोठा किंवा कडब्याची पत्र्याची पडवी गोदाम म्हणून लागली असेल, जुनें मातीचें घर पक्क्या बांधकामांत धरलें असेल, बांधकामाचें वर्ष चुकलें असेल, तर ग्रामपंचायतीचा जुना घरपट्टीचा उतारा हा मोठा साक्षीदार होय. तो आजच काढून ठेवावा. अर्जाची पोंच घ्यावी आणि सुनावणीस स्वतः जावें. पुतण्यास पाठवून भागत नाहीं.

इतर सवलती थोडक्यांत सांगतों. माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांस सन २०२० च्या राज्य योजनेनें राहत्या एका घरापुरती करमाफी आहे. आपल्या गांवांत सैन्यांतून परतलेलीं कुटुंबें थोडीं नाहींत, त्यांस हें अवश्य कळवावें. गांडूळ खत, सौर उष्णजल यंत्र, पावसाचें पाणी सांठविणें यांपैकीं एक योजना चालू असल्यास ५ व दोन असल्यास १० टक्के सूट मिळते. ज्यांच्या परसांत गांडूळ खताचा खड्डा आहे त्यांनीं तो शेतासाठींच आहे असें समजूं नये. देवळास सर्वसाधारण कर माफ आहे, पण ओटा दुकानास दिला असल्यास तेवढ्या भागापुरतें मागणें कठीण. वर्षारंभींच्या मुदतींत कर भरणारांस सर्वसाधारण करांत सूट मिळते ती निराळी.

हरकत फेटाळली गेली तर लघुवाद न्यायालयाच्या न्यायाधीशाकडे अपील आहे. त्याची मुदत अवघी १५ दिवसांची, आणि आधीं हरकत निकालांत निघालेली असली पाहिजे; मागणीची रक्कमही प्रथम भरावी लागते. हरकत चालू आहे म्हणून बिल अडवून ठेवणारे पुष्कळ भेटतात, पण थकलेल्या रकमेवर दरमहा शेंकडा २ शास्ती चढत राहते. सबब पैसे भरतांना सोबत "हरकतीस बाध न येतां" असें पत्र द्यावें व पावती त्याच फाइलींत लावावी.