सूत्रकृमीला वांझ करणारा जिवाणू

पाणी असूनही डाळिंब किंवा टोमॅटो भर दुपारी माना टाकतो. उपटून पाहावं तर मुळांवर गाठीच गाठी. हा प्रताप मेलॉइडोगायनी या सूत्रकृमीचा. त्याचा कट्टर वैरी त्याच मातीत सापडतो: पाश्चुरिया पेनेट्रन्स नावाचा जिवाणू.

या जिवाणूला हालचाल करता येत नाही. त्याचे बीजाणू मातीत पडून असतात. सूत्रकृमीची पिल्लं मुळं शोधत जवळून गेली की ते त्यांच्या कातडीला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली अंगावर बारीक बशा डकवल्यासारखे दिसतात. पिल्लू मुळात शिरून खाऊ लागलं की बीजाणूला अंकुर फुटतो आणि तो कातडी भेदून आत जातो. मादी मरत नाही, वाढतेही. पण अंडी जवळजवळ घालतच नाही. तिच्या शरीरात २० लाखांपर्यंत बीजाणू भरतात. मूळ कुजलं की ते मातीत मोकळे होतात आणि कोरड्या जमिनीतही वर्षानुवर्षं तग धरतात. इतका चिवट मित्र रासायनिक औषधांत मिळणार नाही.

१९०६ मध्ये नॅथन कॉब यांनी असे बीजाणू पाहिले, तेव्हा ते आदिजीव वाटले होते. आजचं नाव १९८५ मधलं.

अडचण उत्पादनाची आहे. जिवंत सूत्रकृमीशिवाय तो वाढवणं अवघड. म्हणून बाधित मुळं वाळवून, दळून भुकटी करण्याची पद्धत रूढ झाली. शिवाय एका शेतातल्या सूत्रकृमीला चिकटणारा वाण शेजारच्या शेतात चिकटेलच असं नाही. भुकटी टाकण्याआधी आपल्याच मातीतल्या पिल्लांवर तो चिकटतो का, हे प्रयोगशाळेत पाहून घ्यावं.