फाइलीच्या नावातील मोकळी जागा

मनूर बुद्रुक हे बोदवड तालुक्यातील गाव. नाव ऐकताच कोणासही कळते की, शब्द दोन असले तरी गाव एकच आहे. संगणकास मात्र हे आपोआप कळत नाही. मोडी लिपीत शब्दांमध्ये अंतर सोडण्याचा प्रघात नव्हता. वाचणारा अर्थावरून शब्द तोडीत असे. संगणकाची रीत याच्या उलट आहे. तो अर्थ न पाहता मोकळी जागा पाहून शब्द तोडतो.

अनेक शाळांच्या फाइली एकदम हलविणे, त्यांच्या नकला करणे वा त्या पुसणे यांसाठी आज्ञा क्रमाने लिहून ठेवतात. त्या लेखास 'स्क्रिप्ट' म्हणतात. लिनक्स प्रणालीत ती बहुधा 'बॅश' हा कार्यक्रम वाचतो.

समजा, एका फोल्डरमध्ये 'निकाल' व 'जुना निकाल' अशा दोन फाइली आहेत. दुसरी पुसावयाची म्हणून 'आरएम' या आज्ञेपुढे जुना निकाल असे नुसते लिहिले, तर बॅश ती दोन नावे समजतो. 'जुना' सापडत नाही, तशी सूचना पडद्यावर येते. परंतु 'निकाल' सापडतो व पुसला जातो. जी नको ती फाइल राहते आणि मुलांच्या चालू वर्षाची नोंद नाहीशी होते. आरएमने पुसलेली फाइल कचरापेटीतही जात नाही. विंडोजमधील 'डेल' ही आज्ञाही अशीच वागते.

ही चूक केवळ नवशिक्यांचीच नव्हे. २००१ साली ॲपल कंपनीच्या आयट्यून्स २ या कार्यक्रमाच्या स्थापना-स्क्रिप्टमध्ये अवतरणचिन्हे राहून गेली व डिस्कच्या नावात मोकळी जागा असलेल्या काही ग्राहकांची माहिती पुसली गेली. कंपनीस सुधारित आवृत्ती काढावी लागली.

यावरील उपाय येणेप्रमाणे :

(१) मोकळी जागा असलेले नाव नेहमी दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावे.

(२) स्क्रिप्टमध्ये नाव एखाद्या चलात साठवून डॉलरचिन्हाने मागविले जाते. साठविताना दिलेली अवतरणचिन्हे मागविताना उरत नाहीत. म्हणून प्रत्येक वेळी डॉलरचिन्हासह चलाचे नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घालावे. एकेरी चिन्हे येथे चालत नाहीत. त्यांत डॉलरचा विशेष अर्थ लोपतो.

(३) फोल्डरमधील सर्व फाइली एकेक करून घ्यावयाच्या असल्यास 'एलएस' आज्ञेची यादी वापरू नये. तारकाचिन्ह वापरावे, त्यायोगे प्रत्येक नाव अखंड मिळते.

(४) पुसताना आरएमला 'आय' हा पर्याय जोडावा. मग प्रत्येक फाइलीचे नाव दाखवून संमती विचारली जाते व चूक वेळीच ध्यानात येते.

नव्या फाइलीस नाव देताना मोकळ्या जागेऐवजी अधोरेषा घालणे सोयीचे, उदाहरणार्थ, मनूर_बुद्रुक_निकाल. तथापि इतर शाळांकडून येणाऱ्या फाइलींची नावे आपल्या हाती नसतात. म्हणून शिक्षक-शिक्षिकांनी केवळ अधोरेषेवर न विसंबता अवतरणचिन्हांची सवय अंगी बाणवावी.