‘तू बसमध्येच थांब’

फील्डची नोटीस लागली की डिपार्टमेंटच्या ग्रुपवर काय काय सुरू होतं, हे जिऑलॉजीच्या पोरांना वेगळं सांगायला नको. बूट कुठले घालायचे, हॅमर कोण उचलणार, शेवटची सीट कुणाची, रात्री लॉजवर अंताक्षरी की पत्ते. या सगळ्या गोंधळात ग्रुपवरचं एखादं नाव मात्र गप्प असतं. ती कुबडी घेऊन चालते. किंवा त्याला ऐकायला कमी येतं. किंवा तिचं सिकलसेलचं कार्ड पर्समध्ये असतं आणि वर्गात कुणालाच ते माहीत नसतं. फील्डच्या दिवशी सर अगदी मायेनं काय म्हणणार, हे तिला आधीच ठाऊक असतं. ‘तू बसमध्येच थांब हं, आम्ही अर्ध्या तासात येतो. नोट्स नंतर मैत्रिणीकडून घे.’

या वाक्यात कुणाचाच हेतू वाईट नसतो. पण जिऑलॉजीत फील्ड म्हणजे सहल नाही. त्याचा रिपोर्ट असतो, त्यावर व्हायवा असते, त्याचे मार्क डिग्रीत धरले जातात. ‘त्या कातळावर तुला काय दिसलं?’ या प्रश्नाला ‘बसची खिडकी’ हे उत्तर चालत नाही. चार-पाच स्टॉप बसमध्ये काढले की मुलगी स्वतःच ठरवते, हा विषय आपला नाही. पुढे एमएस्सीला ती दिसत नाही आणि मग आपण म्हणतो, ‘अशी मुलं जिऑलॉजीला येतच नाहीत.’

तुम्ही जिऑलॉजीचे नसाल, तरी बॉटनीची एक्सकर्शन, जिऑग्राफीचा सर्व्हे किंवा आर्किऑलॉजीचं उत्खनन आठवा. गोष्ट तीच आहे.

चढायचं की शिकायचं?

आपल्याकडच्या फील्डमधलं एक नेहमीचं काम घेऊ. महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या लाव्हाने झाकलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि थंड होऊन त्यांचा बसाल्ट झाला. त्यामुळे दोन थरांमधली सीमा ओळखणं हे आपल्या फील्डला हमखास असतं. खालच्या थराच्या माथ्यावर वायूच्या बुडबुड्यांनी तयार झालेल्या पोकळ्या, मध्ये कुठे कुठे विटकरी लाल मातकट पट्टा आणि त्यावर पुन्हा घट्ट काळा दगड. हे बघायचं, मोजायचं, स्केच काढायचं, सॅम्पल पिशवीत भरायचं.

आता सांगा, यात डोंगर चढणं कुठे आलं? तो थर डोंगरावर दिसतो म्हणून आपण चढतो, इतकंच. तसाच थर दगडखाणीच्या उभ्या भिंतीतही दिसतो. खाणीच्या तळापर्यंत ट्रक जात असेल, तर व्हीलचेअर घेऊन येणारी गाडीही जाते. परवानगी घ्यायची, सुरुंगाची वेळ टाळायची, हेल्मेट घालायचं आणि भिंतीपासून अंतर ठेवायचं. हे नियम तर सगळ्यांनाच लागू आहेत.

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे बसाल्टचे उभे स्तंभ पायथ्यावरून दिसतात, त्यासाठी वरच्या देवळाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. त्याचा आकार समजून घ्यायचा तर काठावरच उभं राहावं लागतं. आघाताने बाहेर फेकलेला मलबाही काठाबाहेरच पसरलेला आहे. तळ्यापर्यंत उतरणं हा नंतरचा भाग झाला.

म्हणजे प्लॅन करताना आधी ठरवायला हवं, या स्टॉपवर नेमकं काय शिकायचंय? मग ते कुठे सगळ्यांना शिकता येईल, ते शोधायचं. आपण उलटं करतो. वर्षानुवर्षांचे तेच स्टॉप घेतो आणि मग कुणाला ‘जमणार नाही’ याची यादी करतो.

दगड फक्त डोळ्यांनी वाचत नाहीत

डोळ्यांनी न दिसणारा विद्यार्थी फील्डवर काय करणार, असं वाटतं ना? एकदा डोळे मिटून दगड हातात घ्या. घट्ट बसाल्टच्या कडा धारदार लागतात. पोकळ्यांचा बसाल्ट बोटांना खडबडीत लागतो. लाल पट्ट्यातली माती चिमटीत भुरभुरते. ताज्या दगडावर हॅमर मारला तर खणखणीत आवाज येतो, कुजलेल्यावर भद्द.

खीरात व्हरमाय हे नाव लक्षात ठेवा. १९४६ मध्ये नेदरलँड्समध्ये जन्मलेला हा शास्त्रज्ञ वयाच्या तिसऱ्या वर्षी अंध झाला. येल विद्यापीठात प्रवेशासाठी गेला, तेव्हा तिथल्या प्राध्यापकाला शंका होती. त्यांनी त्याला संग्रहालयात नेऊन हातात एक शंख दिला. त्याने बोटं फिरवून शंख बरोबर ओळखला. पुढे शंख-शिंपल्यांच्या जीवाश्मांवरून त्याने शिकारी आणि भक्ष्य यांच्यातली कोट्यवधी वर्षांची चढाओढ उलगडली. १९९२ मध्ये त्याला मॅकार्थर फेलोशिप मिळाली. त्यासाठी तो स्वतः किनाऱ्या-किनाऱ्यांवर फिरला आहे.

दुसरा किस्सा जॉन वेस्ली पॉवेलचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ मध्ये त्याचा उजवा हात गेला. १८६९ मध्ये तोच माणूस होड्या घेऊन कोलोरॅडो नदीने ग्रँड कॅन्यन पार करायला निघाला. वाटेत एका कड्यावर चढताना तो असा अडकला, की पुढेही जाता येईना आणि मागेही फिरता येईना. वरच्या कपारीवरच्या सोबत्याजवळ दोर नव्हता. त्याने अंगातली लांब चड्डी काढून खाली सोडली, पॉवेलने ती धरली आणि तो वर आला. पॉवेलनेच हे लिहून ठेवलंय. पुढे १८८१ मध्ये तो अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचा प्रमुख झाला.

हे किस्से ऐकून ‘बघा, जिद्द असली की सगळं होतं’ असं म्हणायचा मोह होतो. तो आवरा. त्या कड्यावर पॉवेलची जिद्द एकटी पुरली नसती. हाताशी होतं ते वापरून वेळेवर मदत करणारा सोबती तिथे होता आणि ‘तू आलासच कशाला’ असं तो म्हणाला नाही.

रेंज नाही? तरीही जमतं

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगरांत एक प्रयोग केला. ज्या विद्यार्थ्याला कातळापर्यंत चालत जाणं शक्य नव्हतं, तो जवळच्या रस्त्यावर गाडीत बसला. कॅमेरा घेऊन एक भूशास्त्रज्ञ कातळाजवळ गेला. तिथे मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःचं छोटं वायरलेस नेटवर्कच उभं केलं. मुद्द्याची गोष्ट अशी, की विद्यार्थी नुसता बघत बसला नाही. ‘डावीकडे घ्या, अजून जवळून दाखवा, तो तुकडा फोडा’ असं तो सांगत होता. डोळे आणि पाय दुसऱ्याचे होते, पण निरीक्षण त्याचंच होतं.

२०१४ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सोसायटीचं अधिवेशन कॅनडात व्हँकूव्हरला भरलं. त्या वेळी तिथून व्हिसलरकडे जाणाऱ्या महामार्गावर अशी फील्ड ट्रिप आखली गेली, की वेगवेगळ्या प्रकारचं अपंगत्व असलेल्यांना ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत करता यावी. तिथे स्टॉप निवडतानाच हा विचार केलेला होता.

आपल्याकडे लॉकडाउनमध्ये काय झालं, आठवतंय? जे प्रॅक्टिकल ‘ऑनलाइन शक्यच नाही’ म्हणत होते, ते काही आठवड्यांत ऑनलाइन आलं. सगळेच अडकले, तेव्हा मार्ग निघाला. फक्त म्हणून कुणाला ‘तू घरीच व्हिडिओ बघ’ असं सांगू नका. संध्याकाळी टोपोशीट पसरून घातलेला वाद आणि टपरीवरचा चहा हाही फील्डचाच भाग असतो.

मेहरबानी नाही, हक्क

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलंय. हालचालीचं, दृष्टीचं, श्रवणाचं तर आहेच, पण स्वमग्नता, शिकण्यातल्या विशिष्ट अडचणी, मानसिक आजार, हिमोफिलिया आणि सिकलसेलही आहे. सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव ठेवायच्या आहेत. पण नुसती अॅडमिशन देऊन भागत नाही. विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची जबाबदारीही संस्थेवर आहे.

सरांची बाजूही समजून घेऊ. चाळीस मुलं, दोन शिक्षक, तुटपुंजं बजेट, आणि काही झालं तर जबाबदारी त्यांच्यावर. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय आहे, तो म्हणजे लवकर सुरुवात. आदल्या रात्री विचारलं तर काहीच होत नाही. दोन महिने आधी विचारलं तर बरंच काही होतं.

तुम्ही काय करू शकता?

नोटिशीसोबत सगळ्यांसाठी एक फॉर्म काढायला सांगा. चालणं, औषधं, आहार, ऐकणं, टॉयलेट, काय लागेल ते लिहायचं आणि ते फक्त सरांकडे राहायचं. म्हणजे कुणाला ग्रुपवर हात वर करावा लागणार नाही.

रेकीला सरांबरोबर जा. पायऱ्या किती, सावली कुठे, स्वच्छ टॉयलेट किती अंतरावर, बसला पायरी केवढी उंच, लॉजवर तळमजल्याची खोली आहे का, याची यादी करा. टॉयलेटचा प्रश्न तर वर्गातल्या सगळ्याच मुलींचा असतो. दिवसाला सहा स्टॉपऐवजी चार ठेवा. सिकलसेल असलेल्या मैत्रिणीला उन्हातली दमछाक आणि पाणी कमी पडणं धोक्याचं असतं. तिच्यासाठी घेतलेली विश्रांती दमेकऱ्यालाही उपयोगी पडते.

ऐकू न येणारा मित्र असेल, तर दगडाकडे तोंड करून बोलणाऱ्या सरांना ‘सर, इकडे बघून’ असं म्हणा आणि मुद्दे आधीच लिहून त्याला द्या. न दिसणाऱ्या मैत्रिणीसाठी पुठ्ठ्याची एकेक कंटूर कापून एकावर एक चिकटवा. तुमच्याही डोक्यात कंटूर पहिल्यांदाच नीट बसतील. वेगळी गाडी लागली, तर तिचा खर्च कॉलेजने करावा यासाठी सगळ्यांनी मिळून अर्ज द्या. एकटीच्या अर्जापेक्षा चाळीस सह्यांचा अर्ज लवकर हलतो.

आणि पुढची नोटीस लागेल, तेव्हा ग्रुपवरच्या त्या गप्प नावाला वेगळा मेसेज टाका. ‘तुला जमेल का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर तिने आजवर शंभर वेळा दिलंय. ‘तुला काय लागेल? आपण मिळून सरांशी बोलू,’ असं विचारा. ती कदाचित म्हणेल, ‘तिसऱ्या स्टॉपला मी बसमध्येच थांबेन.’ थांबू दे. या वेळी ते तिने ठरवलेलं असेल.