रेल्वे अपघाताची चौकशी कोण करतो? त्या पदापर्यंत आपली मुले कशी पोहोचतील?

राळेगावात रेल्वे स्थानक नाही. तरीही रेल्वे आता आपल्या शेजारी आली आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. असा नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला करण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. प्रवाशांचा जीव घेणारा गंभीर अपघात झाला की चौकशीला येतात तेही हेच आयुक्त. आपली मुले पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची तयारी करतात; या पदाचे नाव मात्र फारसे कुणाच्या कानावर नसते. म्हणून ही माहिती.

रेल्वेच्या बाहेरचा आयोग

रेल्वे सुरक्षा आयोगाचे मुख्यालय लखनऊला आहे. विशेष म्हणजे हा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. ज्याच्या कारभाराची चौकशी करायची, त्याच्याच हाताखाली चौकशी अधिकारी नसावा, या विचाराने 1941 साली ही यंत्रणा रेल्वे बोर्डापासून वेगळी केली गेली. रेल्वे अधिनियम 1989 नुसार आयुक्त साक्षी नोंदवतात, रूळ, सिग्नल, डबे तपासतात आणि कारण ठरवतात.

याचे महत्त्व 2 जून 2023 च्या बालासोर अपघातात दिसले. 290 हून अधिक माणसे गेली. आयुक्तांच्या अहवालाने सिग्नलच्या वायरिंगमधील बदलांत झालेल्या चुका दाखवल्या. त्याच खडगपूर विभागात 2022 मध्ये चुकीच्या वायरिंगची घटना घडली होती. तेव्हाच सुधारणा केली असती तर हा अपघात टळला असता, असेही त्यात नोंदवले. अपघातानंतर बहुधा खालच्या कर्मचाऱ्याकडे आधी बोट दाखवले जाते. व्यवस्थेची चूक कागदावर आणायला स्वतंत्र आणि जाणकार माणूस लागतो.

आपल्या समाजाचे रुळांशी जुने नाते आहे. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हेच दुःख मांडले होते, की आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि बढतीविना गँगमनच राहतो. रूळ सांभाळणाऱ्यांच्या घरातली मुले आता चौकशी करणाऱ्याच्या खुर्चीवरही दिसायला हवीत.

वाट कोणती?

आयुक्त पदाची थेट भरती नसते. रेल्वेत अनेक वर्षे काम केलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांतून निवड होते. म्हणून आधी रेल्वेत अधिकारी व्हावे लागते.

1. अभियांत्रिकी सेवा परीक्षा : यूपीएससीची ही परीक्षा सर्वांत सरळ वाट. स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक्स शाखेची पदवी लागते. वय 21 ते 30, अनुसूचित जातीसाठी 5 वर्षांची सूट. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना आणि सर्व महिलांना परीक्षा शुल्क नाही.

2. कनिष्ठ अभियंता : तीन वर्षांची पदविका करून रेल्वे भरती मंडळाची परीक्षा देता येते. दहावीनंतर यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनाचा विचार करा. अपघातस्थळी पहिली संयुक्त टिपणी रेल्वेचे वरिष्ठ पर्यवेक्षकच तयार करतात. म्हणजे आयुक्त न होताही तपासात आपला वाटा राहतो. पुढे खात्यांतर्गत परीक्षा देऊन अधिकारी होता येते.

3. न्यायसहायक विज्ञान : घातपाताचा संशय असेल तर प्रयोगशाळेचे तज्ज्ञ लागतात. विज्ञान शाखेच्या मुलांसाठी नागपूरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे.

दाखल्याकडे लक्ष द्या

इथे आपली अनेक मुले अडतात. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. पण यूपीएससी आणि रेल्वेला केंद्र सरकारच्या नमुन्यातील जात प्रमाणपत्र लागते आणि त्यात मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख असावा लागतो. केवळ 'नवबौद्ध' लिहिलेला राज्याचा दाखला घेऊन गेल्यास कागदपत्र पडताळणीत अडचण येते. जाहिरात निघेपर्यंत थांबू नका. केंद्राच्या नमुन्यातील दाखला आजच काढून ठेवा.

बार्टीमार्फत यूपीएससी तसेच बँक-रेल्वे परीक्षांचे मोफत प्रशिक्षण दिले जाते. त्याच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

कार्यकर्त्यांना आमची एक विनंती आहे. जयंतीच्या कार्यक्रमात गुणवंतांचा सत्कार आपण करतोच. यंदा विहाराच्या फलकावर या तीन वाटा आणि दाखल्याची सूचना लिहून लावा. दहावी-बारावीच्या एखाद्या मुलीने ती वाचून गणिताचे पुस्तक उघडले, तरी त्या फलकाचे सार्थक होईल.

जय भीम!