टोकियोच्या गल्लीबोळांतली आपली दैवतं

टोकियोला जाणारा प्रत्येक जण आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात जातोच. तिथल्या गर्दीतून बाहेर पडून सुमिदा नदीच्या बाजूने थोडं चाललं, की लहानशा टेकडीवर मात्सुचियामा शोदेन लागतं. हे देऊळ गणपतीचं. जपानी लोक त्याला शोदेन किंवा कांगितेन म्हणतात. मूर्तीचं दर्शन होत नाही, ती झाकलेलीच असते. नैवेद्य असतो पांढऱ्या मुळ्याचा! एकमेकांत गुंतलेले दोन मुळे आणि पैशाची थैली ही चिन्हं देवळात जागोजागी कोरलेली आहेत. घरातला सलोखा मुळ्याकडे मागायचा, धंद्यातली बरकत थैलीकडे. दर 7 जानेवारीला इथे मुळ्याचा उत्सव भरतो.

आपले देव बौद्ध धर्माचं बोट धरून चीनमार्गे जपानला पोचले आणि तिथले रहिवासी झाले. ते नीट भेटतात ते अशा मोहल्ल्यातल्या देवळांत, म्हणून सहलीतला एक दिवस मी आग्रहाने यानाकासाठी राखायला सांगेन. 1923चा भूकंप आणि महायुद्धातली बॉम्बफेक यांतून या वस्तीचा बराच भाग वाचला. नव्या वर्षाच्या पहिल्या दहा दिवसांत लोक इथल्या परिसरातल्या सात देवळांत सात भाग्यदेवतांच्या दर्शनाला पायी फिरतात. त्या सातांतले तिघे आपले: तेन्नोजीत बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण कुबेर, गोकोकुइनमध्ये दाइकोकुतेन म्हणजे महाकाल, आणि उएनोच्या शिनोबाझू तळ्यात बेंझाइतेन म्हणजे सरस्वती. आपल्याकडचा उग्र महाकाल इथे तांदळाच्या पोत्यांवर उभा राहून चक्क हसतो. मला हा बदल फार लोभस वाटतो.

तेन्नोजीलगतच यानाकाची दफनभूमी आहे. थडग्यांमागे उंच लाकडी फळ्या उभ्या असतात. त्यांवर चिनी लिपीच्या वरच्या बाजूला वेगळी अक्षरं दिसतात. ती सिद्धम् लिपीतली आहेत. ती मूळ भारतातली, म्हणजे आपल्या देवनागरीच्याच गोतातली. वरून खाली ख, ह, र, व, अ: आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. मृत माणसाला पंचमहाभूतांच्या हवाली करणारी ही अक्षरं तिथे आजही लिहिली जातात. इथे घाई करू नका.

बौद्ध देवळात शांतपणे हात जोडावेत. टाळ्या वाजवायच्या त्या शिंतो देवस्थानात: दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एक नमस्कार.

दफनभूमीजवळच शिल्पकार आसाकुरा फुमिओ यांचं घर आणि कार्यशाळा आता संग्रहालय म्हणून खुली आहे. आत बूट काढूनच जायचं. त्यांनी घडवलेली मांजरं गोड आहेतच, पण खरा वेळ द्यावा तो 1910च्या ‘स्मशानरक्षक’ या शिल्पाला. त्यासाठी समोर उभा होता तो तेन्नोजीच्या दफनभूमीचाच वृद्ध राखणदार. मग छपरावरच्या बागेत जा. आसाकुरांकडे शिल्पकला शिकायला येणाऱ्यांना तिथे बागकाम सक्तीचं होतं.